मोझरीचा झाडू आणि पोटाचा घेर

नागपूर-अमरावती रस्त्यावर तिवसा तालुक्यात मोझरी लागते. तुकडोजी महाराजांनी 1935 साली तिथे गुरुकुंज आश्रम उभारला. खंजिरी, भजन, सामुदायिक प्रार्थना ही आश्रमाची ओळख सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिनक्रमातली दुसरी बाजू तेवढी चर्चेत येत नाही. पहाटे उठणे, गावसफाई, श्रमदान, व्यायाम आणि बेताचे खाणे हे सारे भक्तीच्या जोडीनेच मांडले होते, तेही एकेकट्या साधकासाठी नव्हे, अख्ख्या गावासाठी. 1955 साली आलेल्या ग्रामगीतेच्या 41 अध्यायांत ग्राम-आरोग्याला स्वतंत्र अध्याय मिळाला, तो याच विचारातून. आज वाढलेले वजन म्हणजे ज्याचा त्याचा दोष मानला जातो आणि हृदयाचा धोका दवाखान्याच्या चिठ्ठीवर उरतो. मोझरीने शरीराची निगा हा गावाचा कारभार मानला होता, आणि वजनाच्या प्रश्नाला तीच बाजू अधिक लागू पडते, असे माझे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि वजनदारही. त्या काळचा वऱ्हाडी माणूस सडपातळ होता तो संयमाने नव्हे, उपाशीपोटी. छप्पनच्या दुष्काळाची, म्हणजे 1899-1900 ची आठवण घराघरांत ताजी होती. कापसाचा पैसा खेड्यातून बाहेर जात होता आणि सालदाराच्या ताटात भाकरी, तुरीचे वरण, ठेचा याच्या पलीकडे फारसे काही येत नव्हते. हे कबूलच करायला हवे. उपासमारीला आरोग्य म्हणणे हा पोटभर जेवणाऱ्यांचा शौक आहे. पण मोझरीची हाक नुसत्या सालदाराला नव्हती. जो दिवसभर वखरणी-डवरणी करतो त्याला श्रमदानाचे महत्त्व काय सांगायचे? झाडू हाती घ्यायचा होता तो ओट्यावर बसणाऱ्याने, पाटलाने, सावकाराने, मास्तराने. श्रम ही गरिबाच्या वाट्याची शिक्षा न राहता सगळ्यांची सवय व्हावी, यात समतेचा विचार होता. हृदयाचा फायदा त्यात आपोआप आला.

तो फायदा महाराजांना वैद्यकीय भाषेत ठाऊक होता असा दावा मी करणार नाही. पण काळाचा योग पाहण्यासारखा आहे. 1953 मध्ये जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या बसगाड्यांवरच्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसलेला, वाहक दुमजली बसचे जिने चढणारा-उतरणारा. दोघे एकाच गाडीवरचे. हृदयविकार वाहकांत कमी निघाला. पुढे 1956 मध्ये मॉरिस यांनी त्यांच्या गणवेशांची मापे तपासली, तर चालकांच्या पँटींची कंबर मोठी. मात्र पोट सुटलेले म्हणून विकार, एवढ्यावर हे प्रकरण मिटले नाही. सारख्या कंबरेच्या माणसांतही बसणाऱ्याला धोका अधिक दिसला. काट्यावरचा आकडा हा अर्धाच पुरावा आहे, आणि ज्यांचे वजन उतरत नाही त्यांनाही चालण्याचा लाभ मिळतो, हे त्यातून समजते.

दुसरा आक्षेप खाण्याचा. ज्वारी गेली, गहू आला, नव्वदीनंतर सोयाबीनने शिवार व्यापले, म्हणून पोटे सुटली, असे सर्रास बोलले जाते. हे अर्धवट खरे आहे. ज्वारी आणि गहू यांच्या पिठातले उष्मांक जवळपास सारखेच. फरक पडतो तो भाकरीच्या घडणीत. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नाही. गरम पाण्यात मळून, परातीत थापून, तव्यावर पाणी फिरवून ती शेकायची, तेलाचा थेंब न लागता. त्या पिठाच्या पुऱ्या सहजी लाटता येत नाहीत. गव्हाने तळण्याची वाट सोपी केली आणि स्वस्त तेलाने ती रुंद केली. जात्याचे मात्र गोडवे गाऊ नयेत. पहाटे तीन वाजता खुंटा धरणाऱ्या बाईला गिरणीने सोडवले, ते बरेच झाले. खंत वेगळी आहे: जाते सुटले, पण आखाडा तिच्या वाट्याला आला नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचे. त्याच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवले. पण खेड्यातली व्यायामशाळा बहुतेक ठिकाणी पोरांचीच राहिली.

गावाने शरीरात लक्ष घालणे म्हणजे खासगी गोष्टीत नाक खुपसणे, असेही कुणी म्हणेल. लठ्ठ माणसाची चेष्टा करायला गाव एरवीही मागे नसतेच; त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून हातपाय हलवणे बरे. शिवाय लक्ष घालणे सुरू झालेच आहे. तिशी ओलांडलेल्यांकडे आशाताई फॉर्म आणि टेप घेऊन येते. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या, बाईची 80 च्या पुढे गेली की धोक्याचे गुण वाढतात. रक्तदाब, साखर, हृदय यांची काळजी तिथूनच सुरू होते. त्याच फॉर्मवर एक प्रश्न असतो: आठवड्यातून किमान 150 मिनिटे शारीरिक हालचाल होते का? गावसफाई रोज अर्धा तास धरली, तर पाचव्या दिवशी तेवढी मिनिटे भरतात.