मद्रासची आधाररेषा

बदलीच्या गावी अडगळ वाढवू नये, हा सरकारी नोकरीतील वडीलधाऱ्यांचा उपदेश आम्हांस चांगला ठाऊक होता. तरीही चेन्नईस आल्यावर दुसऱ्याच वर्षी आम्ही एक जुना रशियन कॅमेरा विकत घेतला. त्याचे नाव झोर्की-४. मॉस्कोजवळील क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात १९५६ पासून १९७३ पर्यंत तो तयार होत असे. त्यात विजेरी नाही, प्रकाशमापक नाही. ऊन पाहून हिशेब करावयाचा तो आपणच.

हा कॅमेरा ज्या जातीचा, तिला रेंजफाइंडर म्हणतात. त्याच्या दर्शनी अंगास दोन लहान खिडक्या असतात. दोहोंतून येणाऱ्या प्रतिमा अर्धपारदर्शक आरशामुळे एकीवर एक पडतात. भिंगाचे कडे फिरवले की एक प्रतिमा सरकते. दोन्ही एकरूप झाल्या म्हणजे वस्तूचे अंतर अचूक साधले असे समजावे. वेट्झलारच्या लाइट्स कंपनीने १९२५ साली लायका बाजारात आणला, तेव्हा हे अंतर अदमासाने ठरवावे लागे, नाही तर निराळे यंत्र वर बसवावे लागे. १९३२ च्या दुसऱ्या लायकात अंतरमापकाची व भिंगाची सांगड घातली गेली. त्या नमुन्यावरून १९३४ पासून खारकिव्ह येथील निराधार मुलांच्या श्रमवसाहतीत ‘फेड’ कॅमेरा होऊ लागला, आणि आमचा झोर्की हा त्याचाच वंशज.

खरेदी करताना आम्ही पाहण्यासारखे सारे पाहिले. कापडी पडद्यास भोके नाहीत ना, म्हणून तो उजेडासमोर धरला. समुद्रकाठच्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते, म्हणून बॅटरीच्या प्रकाशात भिंगही तपासले. पण संध्याकाळी मैलापुरातील गच्चीवरून मरीनावरच्या दीपस्तंभाकडे पाहिले, तो अनंताच्या खुणेवरही दीपस्तंभ दोन! कॅमेरा घेऊन आम्ही एका वृद्ध कारागिराकडे गेलो. त्याने एक बारीक स्क्रू किंचित फिरवला आणि सांगितले, “सार, आधी दूरचे जुळवावे, जवळचे मग आपोआप जुळते.”

हे वाक्य आमच्या मनातून जाईना. पुढे ध्यानात आले, की कॅमेऱ्याच्या पोटातील ही विद्या याच शहराच्या मातीवर फार मोठ्या प्रमाणावर राबवली गेली आहे. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन या लष्करी अधिकाऱ्याने सेंट थॉमस माउंटजवळच्या सपाटीवर शंभर फुटी पोलादी साखळीने सुमारे साडेसात मैलांची रेषा मोजण्यास आरंभ केला. उन्हाने पोलाद वाढते, म्हणून साखळीवर तंबूंची सावली धरावी लागे. एकदा ही आधाररेषा हाती आली, की तिच्या दोन टोकांवरून तिसऱ्या बिंदूचे कोन मोजावयाचे आणि तिथवर न चालता अंतर काढावयाचे. असा त्रिकोणास त्रिकोण जोडीत देश मोजला गेला. झोर्कीतही हाच त्रिकोण आहे. फक्त आधाररेषा सुमारे चार सेंटिमीटरांची!

म्हैसूरचे राज्य १७९९ साली पडल्यावर कंपनीस नकाशे हवे होते. तेव्हा ही मोजणी निव्वळ ज्ञानासाठी नव्हती, हे विसरून चालणार नाही. परंतु त्या कामाची चिकाटी नाकारता येत नाही. १८०८ साली तंजावरास बृहदीश्वराच्या देवळावर अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. लॅम्बटनने सुमारे सहा आठवडे खपून ते स्वतः दुरुस्त केले. याच देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला होता. पुढे १८५८ साली मद्रास सरकारचा छायाचित्रकार लिनियस ट्राइप तेथे आला आणि पायथ्याच्या शिलालेखाची २१ छायाचित्रे जोडून त्याने एकोणीस फुटांहून लांब पट केला. आधी मोजणी व मागून कॅमेरा, अशी ही दोन्ही यंत्रे एकाच देवळाशी येऊन गेली.

मद्रासेस मोजणी सुरू करणारा हा मनुष्य वारला कोठे? वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटास, २० जानेवारी १८२३ रोजी, मोजणीच्या मुक्कामावरच. त्याची कबरही तेथेच आहे. आम्ही मराठी मुलखातून मद्रासेस आलो. तो मद्रासेहून निघून मराठी मातीत विसावला.

आमची पहिली फिल्म भिंगावरचे झाकण न काढताच संपली, हे कबूल केले पाहिजे. या जातीच्या कॅमेऱ्यात भिंगातून पाहावयाचे नसल्याने झाकण राहिले तरी कळत नाही. दुसऱ्या फिल्मवर दीपस्तंभ एकच आला. परमुलखात वावरताना आम्ही बहुधा एकाच खिडकीतून पाहतो. कोणी सदैव घरच्या आठवणीतून नव्या गावास नावे ठेवतो, कोणी नव्या गावात इतका मुरतो की मुलांस मराठी वाचता येत नाही. एका खिडकीतून चित्र दिसते, अंतर मात्र कळत नाही. दोन्ही खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि वृद्ध कारागिराने सांगितल्याप्रमाणे आधी दूरचे जुळवून घ्यावे.

वाचकांपैकी कोणी रजेवर गावी निघाले, तर विमानतळाच्या वाटेवर सेंट थॉमस माउंटची टेकडी दिसेल. तिच्याकडे एकदा अवश्य पाहावे.