एकीकरण : तहातले आणि शोधातले

मीरा-भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तनला लागून चौक हे गाव आहे. वस्ती मुख्यतः ख्रिस्ती कोळ्यांची. इथला धारावीचा किल्ला मराठ्यांनी १७३९मध्ये वसईच्या मोहिमेत जिंकला. राज्य पालटले, पण साष्टीतील कॅथलिकांचा धर्मकारभार गोव्याच्या आर्चबिशपकडेच राहिला. १८८६ नंतर तो दमणच्या धर्मप्रांतात गेला. हा कारभार ज्या हक्काने चाले, तो पोर्तुगालच्या राजाला पोपकडून मिळालेला होता. त्याला 'पाद्रुआदो' म्हणत. इंग्रजांच्या मुंबईत मात्र १७२०मध्ये रोमच्या 'प्रोपगंडा' या संस्थेचे कार्मेलाइट धर्मगुरू आले आणि दुहेरी अधिकाराचा तंटा उभा राहिला.

वांद्र्यात सेंट अँड्र्यूज पाद्रुआदोचे, तर सेंट पीटर्स प्रोपगंडाच्या जेज्विटांचे. मिस्सा तीच, संस्कार तेच, पोपही एकच. वेगळे होते ते वरिष्ठ. १९२८मध्ये रोम आणि लिस्बन यांच्यात करार झाला, दमणच्या धर्मप्रांताचा ब्रिटिश हिंदुस्थानातील भाग मुंबईला जोडला गेला आणि आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावा असे ठरले. ही आळीपाळी १९५०मध्ये संपली आणि व्हॅलेरियन ग्रेशस आर्चबिशप झाले. ज्या वादात श्रद्धेचा एकही प्रश्न नव्हता, तो मिटायला दोनशे वर्षे लागली आणि मिटवला तो तहाने.

याच्या उलट प्रकारचे एकीकरण २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला घडले. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली त्या दिवशी अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरांचे संयुक्त चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट असे सहा प्रवाह एक झाले. बोलणी १९२९पासून चालली होती, आणि इथे मतभेद खरेखुरे होते. बाप्तिस्मा तान्ह्या मुलाला द्यावा की स्वतः विश्वास प्रकट करणाऱ्या प्रौढालाच? बिशप ही ख्रिस्तसभेची आवश्यकता की केवळ सोय? बिशपच्या हस्तस्पर्शावाचून दीक्षित झालेला पाळक खरा पाळक म्हणावा काय?

पहिल्या प्रश्नावर दोन्ही प्रथा मान्य करण्यात आल्या. तिसऱ्यावर काढलेला मार्ग अधिक विचार करण्याजोगा आहे. १९४७मध्ये दक्षिण भारतात असलेल्या पाळकांना तसेच स्वीकारून पुढील दीक्षा बिशपच्या हस्ते द्यायचे ठरले होते. नागपूरला आरंभीच सर्व परंपरांच्या प्रतिनिधींनी परस्परांच्या मस्तकी हात ठेवले आणि ज्याला जे उणे असेल ते देवाने द्यावे अशी प्रार्थना केली. ही पुनर्दीक्षा नव्हे, हेही सांगितले गेले. मग ते नेमके काय होते? उत्तर देवावर सोपवले होते. टीकाकारांना यात संदिग्धता दिसली. ती होतीच, परंतु आपल्या परंपरेतही काही उणे असू शकेल, हे बिशपनेही मान्य करणे ही लहान गोष्ट नव्हे.

या एकीकरणाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट चर्च १९७०मध्ये, अगदी अखेरच्या टप्प्यावर बाजूला झाले. गुजरातमधील ब्रदरन मंडळीच्या न्यासाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३मध्ये निकाल लागला की, विलीनीकरणाच्या ठरावाने न्यासाची मालमत्ता आपोआप नव्या चर्चकडे जात नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाची रीत पाळावीच लागते. म्हणजे श्रद्धेचे प्रश्न ज्यांनी चार दशके चर्चिले, त्यांची गाडी दप्तरापाशी अडली.

साष्टीत कारभार जुळला. श्रद्धा जुळवायची गरजच नव्हती. नागपूरला श्रद्धेने वाट काढली आणि कारभार मागे राहिला. आज दोन मंडळ्या एकत्र येऊ पाहतात तेव्हा पहिला प्रश्न बहुधा इमारतीचा व निधीचा असतो. तो गौण नाही, हे २०१३च्या निकालाने दाखवले. पण केवळ तेवढ्यावर एकत्र येणाऱ्यांना शेजारी मिळतो, सहधर्मी नव्हे. त्यासाठी समोरच्याकडे असे काय आहे जे आपल्याकडे नाही, हे विचारावे लागते. नागपूरच्या त्या प्रार्थनेत हाच प्रश्न होता, आणि तो अजून जुना झालेला नाही.