धानाची बांधी आणि भिक्षूचें चीवर

कांहीं वर्षांपूर्वीं मी इतिहास शिकवीत असतां शाळेसमोरील रस्त्यानें एक बौद्ध भिक्षु चालले होते. खिडकीपाशीं बसलेल्या एका मुलानें विचारलें, "गुरुजी, भंतेजींचें वस्त्र तर नवें दिसतें, मग त्याला इतके जोड कां?" प्रश्न साधा होता, पण उत्तर मजपाशीं नव्हतें. "तशी रीत असेल," असें म्हणून मीं वेळ मारून नेली. पुढें सेवानिवृत्त झाल्यावर वाचनास फुरसत मिळाली, तेव्हां कळून आलें कीं, त्या प्रश्नाचें उत्तर त्याच खिडकीबाहेर पसरलेलें होतें.

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत आमचें सडक अर्जुनी आहे. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीं आम्ही भंडारा जिल्ह्यांत होतों. हा सारा मुलूख तलावांचा व धानाचा. रोवणीच्या दिवसांत एखाद्या उंचवट्यावरून पाहावें, तों पाण्यानें भरलेल्या लहानमोठ्या बांध्या दिसतात. त्यांच्यामधून मातीचे धुरे गेलेले असतात. एक धुरा लांबवर जातो, दुसरा आडवा येऊन त्याला मिळतो, आणि भुईवर आंखलेल्या पटासारखी आकृति तयार होते.

असेंच दृश्य सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वीं मगध देशांत भगवान बुद्धांच्या दृष्टीस पडलें. विनयपिटकांतील महावग्ग ह्या ग्रंथांत चीवराविषयीं एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत अशी कथा आहे कीं, राजगृहाहून दक्षिणगिरीकडे जात असतां बुद्धांनीं बांधांनीं विभागलेलीं तीं शेतें पाहिलीं आणि आनंदाला विचारलें कीं, भिक्षूंसाठीं ह्या नमुन्याचें चीवर करतां येईल काय? आनंदानें होकार दिला. राजगृहास परतल्यावर त्यानें तशीं चीवरें शिवून दाखविलीं. थोडक्यांत सांगितलेली गोष्ट आनंदानें तपशिलासह जाणली, अशी त्याची बुद्धांनीं प्रशंसा केली. आजकाल ज्याला फॅशन डिझाइन म्हणतात, त्याचें धर्मग्रंथांत नोंदलेलें ह्याहून जुनें व ह्याहून स्पष्ट उदाहरण माझ्या वाचनांत नाहीं.

त्या चीवराची रचना पाहण्यासारखी आहे. कापडाचे तुकडे म्हणजे जणूं बांध्या. त्यांतील मोठ्या तुकड्यास मंडल व लहानास अर्धमंडल म्हणत. त्यांच्यामधील लांब व आंखूड शिवणपट्ट्या म्हणजे धुरे; त्यांना पालींत कुसि व अड्ढकुसि अशीं नांवें आहेत. अशीं तीन वस्त्रें भिक्षूला असत : कमरेला नेसावयाचें अंतरवासक, अंगावर घ्यावयाचें उत्तरासंग आणि थंडीसाठीं दुहेरी संघाटी. रंगही बाजारांतील नव्हे. मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ ह्या सहांपासून तो काढावयाचा. अखंड कापड कापून पुन्हां जोडण्याचें कारणही ग्रंथकारांनीं दिलें आहे. कापलेलें वस्त्र श्रमणाला शोभतें आणि चोराला त्याचा लोभ सुटत नाहीं. हा नमुना पुढें धर्माबरोबर देशोदेशीं गेला. जपानमध्यें भिक्षूच्या वस्त्राला केसा म्हणतात. तें आजही अशाच पट्ट्या जोडून शिवतात, आणि त्याच्या एका नांवाचा अर्थच 'पुण्यक्षेत्राचें वस्त्र' असा आहे.

हें वस्त्र महाराष्ट्रांत केव्हां आलें, ह्याचा पुरावा शोधावयास लांब जाण्याचें कारण नाहीं. नाशिकच्या लेण्यांत क्षहरात राजा नहपान ह्याचा जांवई उषवदात ह्याचा शिलालेख आहे. लेण्यांत वर्षावासासाठीं राहणाऱ्या भिक्षूंकरितां त्यानें ३००० कार्षापण दिले. त्यांपैकीं २००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा १ व्याजानें, आणि १००० दुसऱ्या विणकर-श्रेणीकडे शेंकडा पाऊण व्याजानें ठेविले. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, केवळ व्याज खर्चावयाचें. पहिल्या रकमेच्या व्याजांतून वीस भिक्षूंस प्रत्येकीं १२ कार्षापण चीवरासाठीं मिळावयाचे होते. मीं वहींत गणित मांडून पाहिलें. दोन हजारांचें दरमहा वीस, वर्षाचे दोनशें चाळीस, वीस जणांत वांटले कीं बरोबर बारा! चीवरासाठीं ठेवलेली रक्कम कापड विणणाऱ्यांकडेच ठेव म्हणून असावी, ह्यांत केवढी व्यवहारदृष्टि आहे!

परंतु चीवराचा खरा अर्थ त्याच्या शिवणींत नसून त्याच्या चिंध्यांत आहे. गृहस्थांनीं दिलेलें कापड घेण्याची मोकळीक जीवक वैद्याच्या विनंतीवरून मिळाली. त्याआधीं भिक्षु उकिरड्यावर आणि स्मशानांत टाकलेल्या चिंध्या गोळा करून त्यांचें वस्त्र करीत. त्याला पांसुकूल म्हणत. आतां ह्याच्या शेजारीं दुसरा ग्रंथ ठेवून पाहावा. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत चांडाळांनीं प्रेतांवरचीं वस्त्रें नेसावीं व लोखंडाचे अलंकार घालावे, असा दंडक आहे. चिंधी तीच, स्मशानही तेंच. एका ग्रंथानें ती माणसाच्या अंगावर लादली, ती त्याला दुरून ओळखून टाळतां यावें म्हणून. दुसऱ्या ग्रंथानें ती राजपुत्रालाही आपखुषीनें पांघरावयास लावली, आणि ती पांघरणाऱ्यापुढें राजे नमूं लागले. शाक्य राजकुमारांनीं प्रव्रज्या घेतांना आपला न्हावी उपालि ह्याला आधीं दीक्षा द्यावी, म्हणजे आपणांस त्याला वंदन करावें लागेल व आपला कुलाभिमान गळेल, अशी विनंती केली, ही कथा त्याच विनयपिटकांत आहे. चीवर अंगावर आलें कीं जात मागें राहिली. मान उरला तो दीक्षेच्या क्रमाचा.

वेष माणसाला डाग देऊं शकतो आणि मोकळाही करूं शकतो, हें आपल्या काळांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांइतकें क्वचितच कोणीं ओळखलें असेल. डिसेंबर १९२७ मध्यें महाडच्या सत्याग्रह परिषदेंत मनुस्मृति जाळण्यांत आली, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याच परिषदेच्या वेळीं त्यांनीं स्त्रियांपुढें केलेलें भाषण मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें. लुगडें नेसण्याच्या ज्या रीतीवरून व अंगावरील ज्या जड दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते, त्या खुणा टाकून द्या, असा त्याचा आशय होता. महाडहून परतण्यापूर्वींच पुष्कळ स्त्रियांनीं नेसण्याची रीत बदलली, असें चरित्रकार सांगतात. जाळलेल्या ग्रंथाची राख झाली; पण त्याचा अंमल खरोखर उतरविला तो त्या स्त्रियांनीं, आपल्या अंगावरून.

पुढें १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास धम्मदीक्षेचा सोहळा झाला, तेव्हां लाखों लोक पांढरीं वस्त्रें नेसून आले. ह्यालाही जुना आधार होता. पाली ग्रंथांत भिक्षु काषाय वस्त्राचा, तर गृहस्थ उपासक 'ओदातवसन' म्हणजे शुभ्रवस्त्र नेसणारा असें वर्णन येतें. आमच्या भागांत तोंवर पांढरें लुगडें म्हणजे वैधव्याची खूण असे. आज बौद्ध विवाहांत नवरी पांढरें पातळ नेसून उभी राहते, आणि कोणाच्या मनांत अशुभाची शंका येत नाहीं. एका विद्यार्थ्याच्या आजीनें मला एकदां पेटींतील असें एक लुगडें उलगडून दाखविलें होतें. घड्यांवर तें पिवळें पडलें होतें. ती म्हणाली, "गुरुजी, हें नेसून मी नागपूरला चालत गेलें होतें. त्याआधीं नवें लुगडें नेसायची भीति वाटे. कोणी म्हणेल, हिला कशाला?" मजपाशीं त्यावर बोलावयास शब्द नव्हते.

श्रोतेहो, वस्त्राचा इतिहास म्हटला कीं आपण पैठणीचे मोर आणि शालूची जर आठवतों. त्यांची थोरवी आहेच. परंतु नवें लुगडें नेसण्याची ती भीति आणि तिचें निघून जाणें, हाही वस्त्राचाच इतिहास आहे. धर्मग्रंथ जेव्हां वस्त्राविषयीं बोलतो, तेव्हां तो माणसाविषयींच बोलत असतो; त्यानें माणसाला वर उचललें कीं खालीं ढकललें, एवढेंच पाहावें.

त्या मुलाला आतां मी उत्तर देऊं शकेन. बाळ, भंतेजींच्या वस्त्राला जोड आहेत, कारण तें तुझ्या बापाच्या शेतावरून बेतलें आहे. गुडघाभर चिखलांत उभें राहून रोवणी करणाऱ्यांनीं घातलेले धुरे जगांतल्या एका थोर पुरुषाला इतके सुंदर वाटले, कीं त्यानें ते आपल्या अंगावर घेतले.