परिपाठातली बातमी

शाळेतल्या मुलांना ऐकवायची बातमी लिहिणे आणि वाचणे ही रीत महाराष्ट्रात नभोवाणी केंद्रांनी नव्हे, शाळांनी घडवली. केंद्रांनी मुलांना धडे, गोष्टी, नाटिका आणि गाणी दिली. बातमी मात्र मोठ्यांसाठीच राहिली. ती कानाने टिपायची, चार ओळींत बसवायची आणि सकाळच्या परिपाठात उभे राहून सांगायची, हे काम विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या गुरुजी-बाईंनी केले. मुंबईच्या वेशीवरच्या काशीगावासारख्या जागेवरून पाहिले तर ही गोष्ट चांगली उलगडते.

काशीगाव ठाणे जिल्ह्यात, दहिसर चेकनाक्याच्या उत्तरेला, अहमदाबादकडे जाणाऱ्या महामार्गालगत आहे. शेजारच्या मीरा गावाचे नाव जोडून इथला परिसर काशिमीरा म्हणून ओळखला जातो. भातशेती, डोंगराच्या कडेचे वारली पाडे आणि खाडीकडे भाईंदरची मिठागरे, असा हा मुलूख होता. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसरपर्यंत आली आणि काशीगाव तिच्या बाहेर राहिले. मीरा-भाईंदरला नगरपरिषद १९८५ मध्ये आणि महापालिका २००२ मध्ये मिळाली. मुंबईचा रेडिओ मात्र मुंबई महापालिकेच्या हद्दीशी बांधलेला नव्हता. मध्यम लहरींवरचे प्रक्षेपण शंभर किलोमीटरवरही आरामात पोहोचते आणि आकाशवाणीचे मालाडचे प्रक्षेपण केंद्र तर इथून जवळच. नळाच्या बाबतीत काशीगाव मुंबईबाहेरचे होते, पण ऐकण्याच्या बाबतीत ते मुंबईतच होते.

मुंबईत रेडिओ क्लबने १९२३ मध्ये ध्वनिक्षेपणाचा पहिला प्रयत्न केला. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. कंपनी तीन वर्षांतच बुडाली, सरकारने हा कारभार हाती घेतला आणि १९३६ मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, दिल्ली, कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या केंद्रांसाठी शालेय नभोवाणीची योजना आली. याच वर्षी बातम्यांसाठी स्वतंत्र मध्यवर्ती यंत्रणाही उभी राहिली. मुलांसाठीचा कार्यक्रम आणि बातमी हे दोन प्रवाह असे जन्मापासूनच वेगवेगळ्या खात्यांत गेले, आणि पुढे ते क्वचितच एकत्र आले.

यामागे कामाच्या पद्धतीचेही कारण होते. शालेय कार्यक्रम अभ्यासक्रमाला धरून आखला जाई. संहिता आधी लिहून घेतली जाई, तपासली जाई, मग स्टुडिओत ध्वनिमुद्रण होई. वेळापत्रक शाळांकडे आगाऊ जाई, म्हणजे शिक्षकांना मुलांची तयारी करून घेता येई आणि नंतर प्रश्न विचारता येत. अशा संथ, नेटक्या यंत्रणेत इतिहासाचा पाठ बसतो, बातमी बसत नाही. प्रसारणाचा दिवस येईपर्यंत ती शिळी होते. बातमीपत्र वाचले जाई ते थेट, त्या क्षणी. निवेदकाच्या हातात शेवटचा कागद कित्येकदा वाचन चालू असताना येई. मुलांसाठी रोज ताजे बातमीपत्र काढायचे तर वृत्त विभागातच त्यासाठी वेगळी माणसे लागली असती. ती नेमणे अशक्य नव्हते, पण ते कुणाच्याच खात्याचे काम ठरले नाही.

पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. तिथल्या ‘बालोद्यान’ या मुलांच्या कार्यक्रमातले ‘नाना’, म्हणजे ‘आनंद’ मासिकाचे संपादक गोपीनाथ तळवलकर, मुलांशी माइकवरून कसे बोलावे याचा वस्तुपाठच होते. त्याच केंद्रावरून सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी प्रादेशिक बातम्या लागत आणि सुधा नरवणे यांचा स्वच्छ, बिनघाईचा आवाज राज्यभर घराघरांत ओळखीचा झाला. साडेआठला दिल्लीहून मराठी बातम्या येत. साडेदहा-अकराला भरणाऱ्या शाळेतल्या मुलाला या दोन्ही वेळा सोयीच्या होत्या: बातम्या ऐकायच्या, वहीत उतरवायच्या आणि दप्तर घेऊन निघायचे. परिपाठाच्या बातम्यांचा हाच मुख्य झरा होता. वर्तमानपत्र शाळेत किंवा ग्रामपंचायतीत येई, पण पाड्यावरच्या घरात ट्रान्झिस्टर आधी आला.

दिल्लीच्या बातम्यांमागे एक वेगळीच कसरत असे. मूळ मजकूर इंग्रजीत तयार होई आणि अनुवादक-निवेदक तो थोड्या वेळात मराठीत आणून स्वतःच वाचत. इंग्रजी बातमीत बऱ्याचदा दावा आधी आणि तो कुणी केला हे शेवटी येते. कानाला मराठीत बोलणारा आधी कळावा लागतो, नाहीतर श्रोता सरकारचे म्हणणे बातमीदाराचे समजून बसतो. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून लांब वाक्यात ‘झाले की नाही झाले’ हे कळेपर्यंत आरंभ विसरला जातो. यावर उपाय एकच, वाक्य तोडणे. एका वाक्यात एकच गोष्ट, आकडे शक्य तिथे पूर्णांकात, ‘त्यांनी’ ऐवजी नाव पुन्हा. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचे आणि वाक्य पानाच्या तळाशी अर्धे सोडायचे नाही, कारण पान उलटण्याचा आवाजही माइक पकडतो.

हे नियम शाळेत कुणी छापून पाठवले नव्हते, तरी चांगल्या शिक्षकांच्या हाताखाली मुले तेच शिकली. वर्तमानपत्रात ‘जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात येणार असल्याने गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहणार असल्याचे महापालिकेच्या वतीने कळविण्यात आले आहे’ असे छापून येते. ही ओळ परिपाठात जशीच्या तशी वाचली की तिसरीतल्या मुलाच्या हाती काही लागत नाही. ‘महापालिकेने कळवले आहे, की गुरुवारी पाणी येणार नाही. जलवाहिनीची दुरुस्ती आहे. बुधवारीच पाणी भरून ठेवा.’ हे मात्र त्याला कळते आणि तो घरी जाऊन आईला सांगतो. स्टेम आणि एमआयडीसी या संस्थांच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या मीरा-भाईंदरमध्ये अशी बातमी दिल्लीच्या ठळक बातमीपेक्षा कमी मोलाची नसते. जग, देश, राज्य, गाव आणि शेवटी खेळ, ही परिपाठातली परिचित उतरंड. तिच्यातली गावाची बातमी कोणतेही केंद्र पुरवू शकत नव्हते.

ब्रिटनमध्ये मात्र हे काम प्रसारकानेच केले: बीबीसीने ४ एप्रिल १९७२ रोजी जॉन क्रेव्हन यांचे मुलांसाठीचे बातमीपत्र सुरू केले आणि ते टिकले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. तिथल्या मराठी बातम्या वाचणाऱ्यांत अनंत भावे होते, जे स्वतः बालसाहित्यकार होते. लहानांची भाषा आणि बातमीची शिस्त एकाच माणसाच्या ठायी होती, तरीही मुलांचे रोजचे मराठी बातमीपत्र रुजले नाही. हातची संधी गेली, असेच म्हणावे लागते. शालेय चित्रवाणी आली तीही पाठ्यक्रमापुरती. पुण्यात २७ जानेवारी १९८४ रोजी स्थापन झालेल्या बालचित्रवाणीने मुलांसाठी मराठीत हजारो कार्यक्रम केले. विज्ञान, भूगोल आणि कला यांत तिचे काम मोलाचे आहे. पण तिची घडणही आधी चित्रित करून नंतर दाखवण्याचीच होती. ३१ मे २०१७ रोजी ती संस्था बंद झाली. तीनच वर्षांनी करोनाच्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, तेव्हा सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ आणि नागपूर आकाशवाणीवर ‘शाळेबाहेरची शाळा’ असे कार्यक्रम नव्याने उभे करावे लागले.

ध्वनिमुद्रणाची साधने मात्र सतत शाळेच्या जवळ येत गेली. केंद्रावर मोठ्या चकत्यांवरची फीत ब्लेडने कापून जोडत असत. पुढे कॅसेट रेकॉर्डर आला, शाळेच्या कपाटात बसला आणि स्नेहसंमेलनाला बाहेर निघू लागला. आता फोनवर बातमी वाचायची, ऐकायची, अडखळलेला शब्द पुन्हा म्हणायचा आणि पालकांच्या गटावर पाठवायची, हे सारे एका तासिकेत होते. शेताच्या आणि पाड्यांच्या काशीगावाला मेट्रो ९ च्या मार्गावर त्याच नावाचे स्थानक मिळाले, ही तिथल्या मुलाने वाचायची बातमी आहे. रस्ता कुठे खणला, पाड्यावर पाणी आले का, सामना कोणी जिंकला, याही त्याच बातम्या.

या रीतीचा लेखी पुरावा नभोवाणी केंद्रांच्या संग्रहात सापडणार नाही. तो शाळांच्या परिपाठ वह्यांत आहे: तारीख, सुविचार, दिनविशेष आणि खाली मुलांच्या अक्षरातल्या चार-पाच बातम्या. वर्ष संपले की या वह्या रद्दीत जातात. मीरा-भाईंदरमधल्या आणि राज्यातल्या सगळ्याच मराठी शाळांनी निदान जुन्या वह्या तरी जपून ठेवाव्यात, त्यांची छायाचित्रे काढून घ्यावीत आणि आजच्या परिपाठातल्या बातम्या मुलांच्या आवाजात तारखेसह नोंदवून ठेवाव्यात.