देवाच्या हाती सोपविलेली मुलगी

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला नसरापूरहून विंझरमार्गे वेल्ह्याकडे जाणारा रस्ता दोन देवींच्या मुलुखातून जातो. तोरण्यावर मेंगाई आणि राजगडावर पद्मावती. संकटात हाक मारायची ती आईला, हा या डोंगरपट्ट्याचा स्वभाव आहे, आणि तो केवळ डोंगरपट्ट्याचाच नव्हे. विठ्ठल हा पुरुषदेव असूनही वारकऱ्यांनी त्याची माउली केली. ज्ञानेश्वरांच्या अभंगांतील नाममुद्रेत 'बाप' हा शब्द आहे खरा, पण संप्रदायाने पुढे खुद्द ज्ञानेश्वरांनाच माउली म्हटले. 'मायबाप' या जोडशब्दातसुद्धा माय आधी येते. देवाचे वात्सल्य सांगायचे तर मराठीला आईचे रूपक जवळचे वाटते. बाप म्हटला की धाक, शिस्त आणि घराण्याचे नाव आठवते.

त्यामुळे 'देव बाप' ही कल्पना मराठीत परकी आहे, ती मिशनऱ्यांनी आणली, असे सर्रास समजले जाते. यात तथ्य नाही असे नाही. फादर स्टीफन्स यांनी 1616 साली गोव्यात 'क्रिस्तपुराण' छापले. त्याच्या आरंभीच्या स्तवनात परमेश्वराला 'बाप' म्हणूनच संबोधिले आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात बायबलची मराठी भाषांतरे झाली आणि 'स्वर्गातील पिता' हा शब्दप्रयोग ख्रिस्ती प्रार्थनेत रुळला. परंतु याच पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, दौंडच्या वाटेवरच्या कोरड्या मुलुखात, केडगावला एक बाई होऊन गेली. देवावर बापाप्रमाणे विसंबून राहणे म्हणजे काय, याचा तिच्याइतका कठोर हिशेब मराठी माणसांत क्वचितच कोणी मांडला असेल. आणि तिच्या बाबतीत ही कल्पना परकी होती असे मला तरी म्हणवत नाही. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मूळचे मंगळूरकडचे. तरुणपणी ते पुण्यास अध्ययन करीत होते. त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. स्त्रीच्या तोंडून शुद्ध संस्कृत ऐकून या विद्यार्थ्याच्या मनात आले, की आपणही आपल्या पत्नीस शिकवावे. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांच्या विरोधामुळे ते साधले नाही. दुसऱ्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, मात्र त्यांनी शिकविले, आणि त्यापायी धर्मसभेपुढे उभे राहून आपल्या कृत्यास शास्त्राधार दाखवून दिला. गंगामूळच्या अरण्यात त्यांनी आश्रम वसविला. तिथे 23 एप्रिल 1858 रोजी रमाबाईंचा जन्म झाला. थोरल्या मुलीचा बालविवाह फसल्याचे दुःख पाहिलेल्या या बापाने धाकटीचे लग्न लहानपणी लावलेच नाही. समाजाच्या निंदेची किंमत मोजून त्याने तिला राखले. तिला प्रत्यक्ष शिकविले ते आईने, पहाटे उठवून, कारण शास्त्रीबुवा तोवर थकले होते. तेव्हा रमाबाईंच्या मनातल्या पित्याच्या प्रतिमेत आईचा पुष्कळ अंश मिसळलेला असणार, हे ध्यानात ठेवलेले बरे.

अतिथ्यापायी आश्रम कर्जात बुडाला. रमा अवघी सहा महिन्यांची असताना कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. वेताच्या पेटीत घालून तिला नेले गेले. पुराणे सांगावीत, मिळेल त्यावर निर्वाह करावा आणि उरलेले दान करावे, असा तो क्रम होता. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. पुढे 1907 साली रमाबाईंनी 'आमचे अक्षय भांडार' अशा अर्थाच्या नावाची एक छोटी इंग्रजी आत्मसाक्ष प्रसिद्ध केली. तीत या दिवसांचे वर्णन आहे. ते मी जेव्हा जेव्हा वाचले तेव्हा त्यातील भावनेपेक्षा त्यातील नेमकेपणाने अधिक अस्वस्थ झालो. होते नव्हते ते द्रव्य ब्राह्मणांना दान दिले. तीर्थांत स्नाने केली, प्रदक्षिणा घातल्या, मूर्तीपुढे बसून जप केले. देव देईल हा विश्वास होता. भांडीकुंडी, दागिने, कपडे, सारे संपले. मजुरी करावी तर जातीचा अभिमान आड येई, आणि तसे काम कोणी शिकलेलेही नव्हते. अखेर ते अरण्यात शिरले. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानटी खजूर यांवर काढले. शेवटी जलसमाधी घेण्याचे ठरले.

पहिला मान पित्याचा. म्हणून अनंतशास्त्र्यांनी एकेकाचा निरोप घेतला. धाकट्या मुलीला कवटाळून त्यांनी तिला सांगितले, की मी तुला देवाच्या हाती दिले आहे. तू त्याची आहेस, आणि जन्मभर त्याचीच सेवा कर. हा देव अर्थातच त्यांचा विष्णू होता. जलसमाधी मात्र टळली, कारण मुलगा श्रीनिवास याने जातीचा अभिमान बाजूस ठेवून मजुरी करण्याचा निश्चय बोलून दाखविला. पण शास्त्रीबुवा थोड्याच दिवसांत, 1874 साली, गेले. काही आठवड्यांनी लक्ष्मीबाईही गेल्या. त्यांच्या तिरडीला खांदेकरी पुरेनात, तेव्हा चौथा खांदा सोळा वर्षांच्या रमाने दिला. उंची कमी पडत होती म्हणून तो भार तिने डोक्यावर घेतला. पुढे थोरली बहीणही पटकीने गेली.

इथे खरा प्रश्न उभा राहतो. देव हा प्रेमळ, रक्षण करणारा बाप आहे, असे ज्याने मानले तो उपासमारीने मेला, आणि मरता मरता आपले मूल त्याच देवाच्या हाती देऊन गेला. त्या मुलाने पुढे काय मानावे? रमाबाई व श्रीनिवास यांनी काही वर्षे काहीच मानले नाही असे म्हणता येईल. ती दोघे पायी हिंदुस्थानभर हिंडली. 1878 साली कलकत्त्यास पोहोचली. तिथे विद्वानांनी रमेला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पण जुना विश्वास परतला नाही. 1880 साली श्रीनिवास गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि 1882 साली तेही पटकीने गेले. मांडीवर मनोरमा होती. त्या काळच्या हिंदू विधवेला बाप, भाऊ आणि नवरा यांवाचून दुसरे छत्र नव्हते. तिन्ही गेले होते.

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गदारोळ झाला. असे प्रसंग घडले की नवा पिता मिळण्यासाठी जुना पिता टाकला, अशी टीका होत असे, आणि कित्येक धर्मांतरितांच्या बाबतीत ते घरोघरचे शोकनाट्य होतेही. रमाबाईंच्या बाबतीत टाकायला पिताच उरला नव्हता. मला तर वाटते की त्यांनी पित्याने सांगितलेलेच केले, फक्त पत्ता बदलला. 'मी त्याची आहे' हे वाक्य शाबूत होते; 'तो' कोण, याचा शोध बाकी होता. विशेष म्हणजे ज्या मठवासिनींनी त्यांना आश्रय दिला त्यांनाही तो शोध सोपा गेला नाही. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचण्याजोगा आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, बिशपांचा अधिकार, वडीलधाऱ्यांनी सांगितले म्हणून मान्य करणे, या सर्वांस या नवख्रिस्ती बाईंनी हरकत घेतली. इथल्या पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलेली मी तिथल्या पुरोहितांचे जोखड मानेवर कशी घेईन, असा त्यांचा आशय. देव बाप ठरला, की मधले बाप आपोआप रद्द होतात.

हाच तर्क त्याच काळात पुण्यात जोतीराव फुले वेगळ्या वाटेने मांडीत होते. सत्यशोधक समाजाची स्थापना 24 सप्टेंबर 1873 ची. आईला भेटायला किंवा बापाला प्रसन्न करायला जसा मध्यस्थ लागत नाही तसा निर्मिकाला भजायलाही भटाची गरज नाही, हे त्या समाजाचे एक मूळ तत्त्व. रमाबाईंच्या धर्मांतरावर सारे पुणे तुटून पडले असता 1885 च्या 'सत्सारा'त फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, यात नवल नाही. देवाच्या पितृत्वाची कल्पना सौम्य, भाबडी वाटते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या महाराष्ट्रात ती दलाल हटविण्याचे हत्यार होती.

1889 साली मुंबईत सुरू झालेले शारदा सदन, पुढल्या वर्षी त्याचे पुण्यास स्थलांतर, 1893 चा वाद आणि रानडे-भांडारकरांचे सल्लागार मंडळातून बाहेर पडणे, ही हकिकत वाचकांना ठाऊक असेल. ती इथे उगाळत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष 1897. मध्य प्रांतात दुष्काळ पडला होता. सरकारी अन्नछत्रांत आणि मदतकेंद्रांवर मुलींचे काय होते हे रमाबाईंनी स्वतः जाऊन पाहिले. तिथल्या उपाशी मुलींत त्यांना आपलीच तेवीस वर्षांपूर्वीची मूर्ती दिसली. सुमारे तीनशे जणींना त्या घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध, म्हणून केडगावला फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर झोपड्या पडल्या. त्यातून 'मुक्ती' उभे राहिले. 1900 च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तिथली संख्या सुमारे एकोणीसशेवर गेली.

आता पैशाचे पाहा. बोस्टनमध्ये 1887 साली स्थापन झालेल्या अमेरिकन मंडळाने दहा वर्षे मदतीचे वचन दिले होते. ती मुदत 1898 मध्ये संपली. खाणारी तोंडे शेकड्यांनी वाढत असताना निश्चित उत्पन्न संपले. ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर कोणाकडे थेट याचना न करता, केवळ प्रार्थनेवर भिस्त ठेवून हजारो अनाथांचा सांभाळ करीत. त्यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते. हिंदुस्थानात असे का होऊ नये, असा त्यांचा सवाल होता. देव बाप आहे तर तो मुलांना जेवू घालील. म्हणजे नेमका तोच विश्वास, ज्यापायी 1874 साली त्यांचे आईबाप उपाशी मेले!

वाचकाला इथे थबकायला होते. मलाही झाले. ज्या दोरीवरून आपला बाप खाली पडला त्याच दोरीवर ही बाई दोन हजार मुली घेऊन चढते, हा धीर की अविवेक? उत्तर केडगावच्या दिनक्रमात सापडते. तिथे जप करीत बसणे नव्हते. विहिरी खणल्या. शेती केली. मुली माग चालवू लागल्या, दळू-कांडू लागल्या, खिळे जुळवून छापखाना चालवू लागल्या. श्रीनिवासने अरण्यात अखेरच्या घटकेस जो निश्चय केला, की हाताने काम करीन, तो केडगावात पहिल्या दिवसाचा नियम झाला. पित्यावर विसंबणे आणि हात चालविणे यांत विरोध आहे असे अनंतशास्त्र्यांना जातीने शिकविले होते. त्यांच्या मुलीने ते शिक्षण मोडून काढले. शिवाय रमाबाई म्यूलरइतक्या मूकही नव्हत्या. 'मुक्ती प्रेयर बेल' हे पत्रक देशोदेशी जात होते, आणि त्यात गरजा व जमाखर्च दोन्ही असत. माझ्या मते यात दांभिकपणा नाही. बापाकडे मागायचे तर हिशेबही त्यालाच आणि त्याच्या इतर लेकरांनाही दाखवावा, हे सरळ आहे.

त्या काळी आणखी एक 'मायबाप' हजर होता: सरकार. त्या मायबापावर मात्र रमाबाईंची श्रद्धा नव्हती. 1897 च्या मे महिन्यात 'बाँबे गार्डियन' पत्रात त्यांनी पुण्याच्या प्लेग-इस्पितळातील स्त्रियांच्या हालांविषयी उघड पत्र लिहिले. प्रकरण पार्लमेंटात गेले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले, पण बाईंनी शब्द मागे घेतला नाही. इंग्रजांच्या धर्मात गेली म्हणून इंग्रजांची झाली, असे म्हणणाऱ्या टीकाकारांनी हे पत्र लक्षात घेतलेले फारसे दिसत नाही.

एका बाबतीत मात्र माझे मन स्वच्छ होत नाही. रमाबाईंनी आपला पिता शोधून, तपासून, भांडून स्वीकारला. केडगावच्या मुलींना तो अन्नाबरोबर मिळाला. ज्या वयात आणि ज्या अवस्थेत त्या आल्या, त्यात नाही म्हणण्याची मोकळीक कितपत होती? 1905 साली तिथे जे धर्मजागरण झाले, ज्यात शेकडो मुली रडत, ओरडत प्रार्थना करीत, ते खरे होते यात मला शंका नाही. दुष्काळात आईबाप गमावलेल्या पोरीने 'बापा' म्हणून टाहो फोडला तर त्याला खोटे कोण म्हणेल? परंतु वाँटेजमध्ये रमाबाईंनी जो 'का?' विचारला तो मुक्तीत विचारणे तितके सोपे नसावे.

उतारवयात त्यांनी सर्व शक्ती बायबलच्या भाषांतरात लावली. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईला ते कळत नाही, हे त्यांचे मत. संस्कृतवर असे प्रभुत्व असलेल्या बाईने संस्कृत टाळण्यासाठी पुन्हा हिब्रू व ग्रीक शिकावे, हे पाहण्यासारखे आहे. 1921 च्या जुलैत मनोरमा गेली. मुक्तीचा भार जिच्यावर सोपवायचा ती एकुलती मुलगी आईआधी गेली. तरीही काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचे निधन झाले, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. 1924 साली ते केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे तिथल्या बायांनीच जुळविले होते.