पहाटे गाडी थरथरते? दोष थंड इंजिनातच पकडा, नाहीतर पार्ट बदलण्यात पैसे जातील

थंडी वाढली की गावोगावी पहाटे एक तक्रार हमखास ऐकू येते. गाडी सुरू होते, पण इंजिन थरथरते, आरपीएमचा काटा वर-खाली होतो, कधी गाडी बंदच पडते. पाच-सात मिनिटांत इंजिन तापले की सगळे ठीक! मालक गाडी गॅरेजला नेतो, तोवर इंजिन गरम झालेले असते आणि दोष गायब. मग अंदाजाने आधी प्लग, नंतर कॉइल, नंतर सेन्सर बदलला जातो. खिसा रिकामा होतो, थरथर तशीच राहते. पहाटे माल मार्केटला न्यायचा असो की पेशंटला दवाखान्यात, गाडी नेमकी तेव्हाच दगा देते.

थंडीतच का होते?

थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. म्हणून गाडीचा कॉम्प्युटर कूलंटचे तापमान बघून सुरुवातीला पेट्रोल जादा सोडतो आणि आरपीएम वाढवतो. सुरू केल्यावर काटा १२०० ते १५०० वर दिसला तर तो बिघाड नाही. गरम झाल्यावर तो साधारण ७०० ते ९०० वर स्थिर व्हायला हवा.

धुराच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर तापल्याशिवाय काम करत नाही. तो चालू झाला की हवा-पेट्रोलच्या मिश्रणातली चूक कॉम्प्युटर सुधारून घेतो. म्हणून बारीक दोष गरम गाडीत झाकला जातो, थंडीत उघडा पडतो.

आधी घरी काय बघायचे?

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना मोबाइलवर व्हिडिओ काढावा. त्यात आरपीएमचा काटा, इंजिनचा आवाज आणि सायलेन्सरचा धूर तिन्ही यावे. शक्य असल्यास आदल्या संध्याकाळी गाडी गॅरेजलाच ठेवून यावी आणि सकाळी मेकॅनिकसमोर पहिल्यांदा सुरू करावी. निम्मे काम इथेच होते.

धुराचा रंगही बरेच सांगतो. पेट्रोल गाडीला काळा धूर आणि पेट्रोलचा वास म्हणजे पेट्रोल जादा जाते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. थंडीत थोडी पांढरी वाफ सगळ्याच गाड्यांना येते, ती काही वेळात थांबते. पण दाट पांढरा धूर थांबत नसेल, गोडसर वास येत असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. अशी गाडी चालवू नये.

स्वस्तापासून महागाकडे

१. बॅटरी : रात्रभर उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट हवेत. सेल्फ मारताना १० च्या खाली जात असेल तर बॅटरी तपासावी. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी साफ करावी.

२. उंदीर : गोठ्याजवळ किंवा शेडमध्ये उभ्या गाडीचे बॉनेट उघडून वायरी आणि रबरी पाइप बघावेत. व्हॅक्यूमचा पाइप कुरतडलेला किंवा तडकलेला असेल तर मोजमापाबाहेरची हवा आत जाते आणि थंड इंजिन डुगडुगते. ‘सुस्स’ असा आवाज येतो का, तेही ऐकावे.

३. एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी : धुळीच्या रस्त्यावर फिल्टर लवकर भरतो. थ्रॉटलच्या पडद्यावर कार्बन बसला की हवा अडते. साफ केल्यावर थोडा वेळ आरपीएम वर-खाली होऊ शकतो, कारण कॉम्प्युटरला नवी सेटिंग शिकावी लागते.

४. प्लग आणि कॉइल : एखादा सिलिंडर मिसिंग मारत असेल तर स्कॅनरवर बहुधा पी ०३०१, पी ०३०२ असा कोड येतो. शेवटचा आकडा सिलिंडरचा. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल, तर एक नंबरची कॉइल दोनवर लावावी. कोडही दोनवर गेला तर कॉइल खराब. कोड एकवरच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर बघावा. नवा पार्ट न घेता खात्री होते.

५. तापमानाचा सेन्सर : रात्रभर थंड झालेल्या गाडीत चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, स्कॅनर लावावा. कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसायला हवे. हवा १० अंश आणि कूलंट ५० अंश दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटे सांगते आहे. इंजिन गरम आहे असे समजून कॉम्प्युटर पेट्रोल कमी सोडतो.

सीएनजी आणि डिझेलवाल्यांसाठी

बऱ्याच सीएनजी गाड्या सकाळी पेट्रोलवर सुरू होतात आणि मग गॅसवर जातात. पेट्रोल टाकी कायम रिझर्व्हला ठेवली की पेट्रोल जुने होते, पंपावर ताण येतो. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते पाणी ओढून घेते. टाकीत थोडे ताजे पेट्रोल असू द्यावे आणि अधूनमधून गाडी पेट्रोलवर चालवावी.

डिझेल गाडीत डॅशबोर्डवरची पिवळी स्प्रिंगची खूण विझल्यावरच सेल्फ मारावा. एखादा हिटर प्लग गेला असेल तर सुरुवातीला पांढरा धूर, कच्च्या डिझेलचा वास आणि थरथर येते. डिझेल फिल्टरमधले पाणीही काढावे. एअर क्लीनरजवळ पेटते फडके धरणे किंवा स्टार्टर स्प्रे मारणे टाळावे. हिटर प्लगच्या इंजिनात स्प्रेचा भडका उडू शकतो.

शेडचे दार उघडे ठेवा

तपासणीसाठी बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो जीव घेतो. गाडी आधी बाहेर काढावी, मग काय ते बघावे.

चेक इंजिनची लाईट लुकलुकत असेल तर मिसिंग जोरात आहे. न जळालेले पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन तिथला महागडा कन्व्हर्टर खराब करते. अशा वेळी गाडी दामटू नये. आणि कोणताही पार्ट बदलण्याआधी मेकॅनिकला एकच प्रश्न विचारावा : हाच खराब आहे हे कशावरून ठरवले?