दिव्याच्या बुडातील उपकेंद्र

१/५ खारघरलगतच्या बेलपाड्यात घरोघरी येणारी वीज प्रत्यावर्ती, म्हणजे एसी असते: सेकंदाला ५० आवर्तने, १०० वेळा दिशाबदल. एलईडीला मात्र एकाच दिशेचा प्रवाह, म्हणजे डीसी लागतो. मग दिवा पेटतो कसा?

२/५ हा पेच जुना आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातील पहिली विद्युत रेल्वे धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. एसीचे डीसी करण्यासाठी मार्गालगत उपकेंद्रे उभारावी लागली.

३/५ तोच हार्बर मार्ग पुढे खारघर, पनवेलपर्यंत आला. २०१६ मध्ये तेथून डीसी हद्दपार झाले. आता गाडी २५,००० व्होल्ट एसी घेते. रूपांतर गाडीतच होते.

४/५ दिव्यातही तेच घडते. चार डायोड प्रवाहाला एक दिशा देतात, कपॅसिटर मधल्या पोकळ्या भरतो, उरलेले मंडल प्रवाहाला मर्यादा घालते. उष्णतेने कपॅसिटर झिजला की दिवा लुकलुकतो. एलईडी शाबूत असूनही आपण तो फेकतो.

५/५ रूपांतराची गरज शंभर वर्षांत संपली नाही. उपकेंद्रातून गाडीत आणि दिव्याच्या बुडात तिने जागा बदलली. पुढचा दिवा टाकण्यापूर्वी एवढे आठवावे.